समोरच्या दारच्या वाट्या

पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय ६८. जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारातला, पण गेली वीसेक वर्षं कारेलीबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझी पत्नी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेली. मुलगी पुण्याला असते. घरात मी एकटाच.

आमच्या समोरच्या दारात एक गुजराती जैन कुटुंब आहे. आमच्या हिचं आणि समोरच्या बेनचं फार जमायचं. इकडची वाटी तिकडे, तिकडची इकडे, रोजचंच. ही गेल्यावर मला वाटलं, आता हे थांबेल. पण थांबलं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांचा नातू वाटी घेऊन येतोच. ऑगस्ट २०२४ च्या पुरात खाली पाणी भरलं होतं, वीज नव्हती. तेव्हा तर सगळे दिवस त्यांच्याच घरचे खाखरे आणि मूग खाऊन काढले.

मला स्वयंपाक म्हणजे वरण-भात, चहा आणि ऑम्लेट एवढंच येतं. रिकामी वाटी परत द्यायची नाही हे हिच्याकडून शिकलेलो, आणि भरायला काही नाही. म्हणून वाट्या घासून कपाटात ठेवत गेलो. आता एक खण भरलाय. सगळ्यांवर गुजरातीत त्यांचं नाव कोरलेलं आहे. उघडलं की लाज वाटते.

यंदा गणपती पुन्हा बसवला. एका मराठी बाईंकडून उकडीचे मोदक ऑर्डर देऊन आणले आणि आरती झाल्यावर संध्याकाळी अकरा मोदक समोर नेऊन दिले. बेननी हात जोडून घेतले. थोड्या वेळाने मी खाली उतरलो तर तेच मोदक वॉचमन आणि त्याची मुलं खात होती. फार लागलं मनाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेन आणि त्यांचे यजमान दारात आले, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाले. म्हणजे त्यांनाही कळलं असणार की चुकलं. मी नुसतं 'असू द्या' म्हटलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून वाटी आली तरी घेताना अवघडतो.

आता या सगळ्या वाट्या एकदाच परत करून हा व्यवहार थांबवावा असं मनात येतं. आणखी एक, त्यांची डाळ फार गोड असते आणि मला डायबेटीस आहे. काय करावं?

— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर

नमस्कार भाऊ.

व्यवहार थांबवू नका. बाकी सगळं पुढे बोलूच, पण तुम्ही हे वाचता वाचता वाट्या पिशवीत भरायला घ्याल अशी मला भीती वाटली, म्हणून हे आधी लिहिलं.

आता मोदकांचं. तुम्ही मोदक दिलेत तो दिवस गणेश चतुर्थीचा, म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा. गुजरातेतल्या बहुतेक देरासरवासी, म्हणजे मंदिरात मूर्तिपूजा करणाऱ्या, जैनांची संवत्सरी त्याच तिथीला असते. यंदा, २०२५ मध्ये, २७ ऑगस्टला दोन्ही एकत्र आलं. संवत्सरी म्हणजे पर्युषणाच्या आठ दिवसांतला शेवटचा आणि सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी घरातली लहान मुलंसुद्धा हौसेने उपवास धरतात, आणि तो आपल्यासारखा साबुदाण्याचा उपवास नसतो. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. कित्येकजण तर तेही घेत नाहीत. काही जणांची अठ्ठाई असते, म्हणजे आठही दिवस अन्न नाही. संध्याकाळी सगळं घर प्रतिक्रमणाला, म्हणजे वर्षभराच्या चुकांची कबुली देण्याच्या विधीला, बसतं आणि ते तासन्‌तास चालतं.

तुम्ही मोदक नेलेत ते आरतीनंतर, म्हणजे दिवस मावळल्यावर. त्या वेळी त्यांच्या घरात उपवास नसता तरी कुणी खाल्लं नसतं. बरं, सकाळी खातील म्हणावं, तर रात्र ओलांडलेला ओला पदार्थ त्यांच्यात 'वासी' धरतात, तो चालत नाही. उकडीचा मोदक तर ओलाच. म्हणजे त्या रात्री खाता येईना आणि दुसऱ्या दिवशीही खाता येईना. अशा वेळी ते ताजे असतानाच कुणाच्या तरी तोंडी लागावेत म्हणून बेननी ते वॉचमनच्या मुलांना दिले. तुमच्या बाप्पाचा प्रसाद त्यांनी फुकट जाऊ दिला नाही, भाऊ. मला तर त्यात मोदकांचा मानच दिसतो. 'आम्हाला चालत नाहीत' म्हणून दारातच परत केले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?

आणि 'मिच्छामि दुक्कडम्' मोदकांसाठी नव्हतं. संवत्सरीनंतर प्रत्येक जैन घर ओळखीच्या प्रत्येकाची अशी क्षमा मागतं, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल त्याबद्दल. तुमच्या पत्नी असताना दरवर्षी ते दोघं दारात येतच असणार, फक्त दार त्या उघडत असतील. समोरून असं म्हटलं की आपणही हात जोडून तेच म्हणायचं. तुमचं म्हणायचं राहिलंय. महिना उलटला म्हणून काही बिघडत नाही, आजही म्हणा. मोदकांची गोष्ट काढून खुलासे करत बसू नका. त्यांना तुम्ही खाली काय पाहिलंत हे माहीतही नसेल, आणि उगाच त्यांना ओशाळं कशाला करायचं?

पण तुमच्या पत्रात मला मोदकांपेक्षा तो भरलेला खण जास्त खुपला. दीड वर्ष एक बाई वाटी पाठवतेय आणि एकही वाटी परत आलेली नाही. तरी ती पाठवतेच आहे. तुमची पत्नी गेली तशी त्यांचीही मैत्रीण गेली आहे. वीस वर्षं ज्या दारात ऊठबस होती, ते दार एकाएकी बंद झालं. बेन तुमच्यासाठी तर करतातच, पण हात त्यांचाही थांबत नसेल. डाळ उकळली की एक वाटी बाजूला काढायची सवय काही बाई गेल्याबरोबर जात नाही. तुम्ही सगळ्या वाट्या एकदम परत केल्यात तर त्यांना त्यातून एकच अर्थ कळेल, आणि तो तुमच्या मनात नाहीये.

रिकामी वाटी परत करायची नाही हे बरोबरच आहे, पण त्यात शिजवलेलंच काही हवं असं कुणी सांगितलं? आपल्या आया घरात काही नसलं की चिमूटभर साखर घालून भांडं परत करायच्या. गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे, चार केळी, काहीही चालतं. शेंगदाणा जमिनीत होत असला तरी तो कंद नाही, त्यांना चालतो. तेव्हा एका वेळी दोन-तीन वाट्या घ्या, एकीत साखर, एकीत शेंगदाणे असं घालून नातवाच्या हाती द्या किंवा स्वतः नेऊन द्या. तीन-चार खेपांत खण मोकळा होईल आणि कुणाला अवघडल्यासारखंही होणार नाही.

आता शिजवून द्यायचं. तेही तुम्ही करावं असं मला मनापासून वाटतं, पण त्याआधी समोरच्या घरात काय चालतं आणि कधी चालतं ते समजून घ्यायला हवं. तुमच्या पत्नीला ते सगळं तोंडपाठ असणार. त्यांचे जुने कालनिर्णय घरात कुठे ठेवले असतील तर काढून बघा. आपल्या बायका दुधाच्या हिशेबाशेजारी असल्या खुणा हमखास करून ठेवतात. नसतीलच तर बेनच्या यजमानांकडे त्यांच्या पंचांगाची एखादी जादा प्रत मागा. दिवाळीच्या सुमाराला नवीन छापून येतात, आणि अशी प्रत कुणी मागितली तर त्यांना आनंदच होईल.

कांदा, लसूण, बटाटा नाही, हे तुम्हाला वीस वर्षांत माहीत झालंच असेल. गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण हेही त्यातच. ओलं आलं आणि ओली हळद चालत नाही, सुंठ आणि हळदपूड चालते. वांगं बियांमुळे बरीच घरं खात नाहीत. आपल्या लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे मोड आलेली कडधान्यं. मटकीची उसळ आपल्याला सात्त्विक वाटते, पण मोड आले की त्यांच्या लेखी त्यात अनंत जीव आले. बिनमोडाची मूग-चवळी चालते. दुसरी गोष्ट लोणी. ताज्या लोण्याचा गोळा द्यावा असं एखाद्याला प्रेमाने वाटेल, पण लोणी आणि मध ही दोन्ही त्यांच्याकडे वर्ज्य. तूप चालतं, कढवलेलं. आणि तिसरी गोष्ट डाळ आणि कच्चं दही-ताक एकत्र न करण्याची. दहीवडा, ताकातलं पिठलं, आपली कोशिंबीर डाळीचं कूट घालून, हे सगळं त्यात येतं. म्हणूनच जैन घरात कढी करताना आधी ताक चांगलं गरम करून घेतात आणि मग त्यात बेसन घालतात. नुसतं ताक तापवलं तर फाटतं, म्हणून त्याला थोडं तांदळाचं पीठ लावून सारखं ढवळत राहायचं. ही कढी तुम्ही बेनकडूनच शिका, त्यांच्या हाताची वेगळीच लागते.

हे झालं बारमाही. त्यावर ऋतूंचे नियम असतात, आणि मला विचाराल तर तेच शिकण्यासारखे आहेत. आषाढी चौदशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चौमासं. त्या चार महिन्यांत पालेभाजी नाही, कोथिंबीरसुद्धा नाही, बऱ्याच घरांत सुका मेवाही बंद. पावसाळ्यात पाल्यावर किडामुंगी फार, आणि एकही जीव आपल्या जेवणापायी जाऊ नये, एवढंच त्यामागे आहे. म्हणजे आपण श्रावणात ज्या अळूवड्या वाटतो त्या समोर पाठवायच्या नाहीत, कच्च्या केळ्याची भजी पाठवायची. आठम, चौदस अशा तिथींना हिरवी भाजीच नसते, मग मूग, कढी, पापडाची भाजी यावर दिवस निघतो. फाल्गुनातल्या चौमासीनंतर पालेभाजीबरोबर तीळ आणि खजूरही कित्येक घरांतून जातात ते थेट कार्तिकापर्यंत. आणि आंबा? तो आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत. आर्द्रा लागतं साधारण २२ जूनला. त्यानंतर तुम्ही कितीही गोड केशर नेऊन दिलात तरी तो बेन हात जोडूनच घेतील. घराघरांत यातलं थोडंफार इकडेतिकडे असतं, म्हणून विचारायचं. 'बेन, आज हे चालेल का?' एवढं विचारायला काही लागत नाही, आणि विचारणारा माणूस त्यांना परका वाटत नाही.

विकतच्या मिठाईचा तुमच्यासारख्या एकट्या माणसाला फार आधार वाटतो, मला कळतं. पण मिठाई कधी बनवली यालाही त्यांच्याकडे महत्त्व आहे. हिवाळ्यात महिनाभर, उन्हाळ्यात वीस दिवस आणि पावसाळ्यात पंधरा दिवस असं मानतात, तेही कोरड्या मिठाईला. दुकानातल्या डब्यावरून बाईला ते कसं कळणार? त्यापेक्षा तुमच्या हातचा साधा रव्याचा शिरा कितीतरी बरा, त्या दिवशीचा, गरम, आणि दिवस मावळायच्या आत नेलेला.

एक नाजूक गोष्ट राहिली. तुमच्या घरात ऑम्लेट होतं. बेनना ते माहीत असेल, वीस वर्षांत कोणाच्या घरी काय होतं ते भिंतींनाही कळतं. तरी समोर जे द्यायचं त्यासाठी एक पातेलं, एक पळी आणि एक परात वेगळी ठेवा आणि त्यांना तसं एकदा सांगून टाका. ऑम्लेटचा तवा त्या फळीवर जाऊ देऊ नका. आणि पदार्थ भरायचा तो त्यांच्याच वाटीत, ती तर तुम्ही घासून जपूनच ठेवली आहे. एवढं करूनही त्यांनी शिजवलेलं घ्यायला का-कू केली तर मनाला लावून घेऊ नका. मग फळं द्या, गूळ द्या. पण माझा अंदाज आहे, घेतील.

पहिला पदार्थ कोणता करायचा? वरणफळं. तुम्हाला वरण येतं, म्हणजे अर्धी वरणफळं आलीच. आपण म्हणतो वरणफळं किंवा चकोल्या, ते म्हणतात दाळढोकळी. आपल्याकडे पावसाळी संध्याकाळी घरात भाजी नसली की जे होतं, तेच त्यांच्याकडेही होतं. त्यांना ते परकं लागणार नाही, आणि तुमच्या हातची चव मात्र वेगळी असेल.

अर्धी वाटी तूरडाळ धुऊन, हळद-हिंग घालून कुकरला अगदी मऊ शिजवा. शिजल्यावर रवीने घोटा, अख्खी डाळ दिसता कामा नये. डाळ शिजते तोवर एक वाटी कणकेत थोडा ओवा चुरडून, हळद, तिखट, मीठ आणि दोन चमचे तेल घालून पोळीपेक्षा घट्ट भिजवा आणि झाकून ठेवा. एका मोठ्या पातेल्यात तेल तापवून मोहरी, जिरं, चार मेथीदाणे, हिंग, एक सुकी लाल मिरची. मेथी काळी होऊ देऊ नका, सगळं कडू होतं. त्यावर घोटलेली डाळ आणि चार-पाच वाट्या पाणी घाला. मीठ, तिखट, धणे-जिऱ्याची पूड, तीन-चार आमसुलं आणि मूठभर शेंगदाणे. गोडा मसाला घालायचा मोह होईल, पण घालू नका. त्यात तीळ असतात आणि अजून चौमासं चालू आहे. कढीपत्ता, कोथिंबीरही नको.

हे पाणीदार वरण खळखळून उकळलं पाहिजे. तुम्हाला वाटेल पातळ झालं. ते पातळच हवं, फळं ते सगळं पिऊन टाकतात. कणकेच्या पातळ पोळ्या लाटा, गोल नाही झाल्या तरी चालेल, सुरीने शंकरपाळ्यासारखे मोठे तुकडे कापा. एकेक तुकडा सुटा सुटा उकळीत सोडायचा. दहा तुकडे एकदम टाकले की ते एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि आतून पिठूळ राहतो, नवशिक्याचं इथेच बिनसतं. सगळी सोडून झाली की आच थोडी कमी करून दहा मिनिटं शिजू द्या, मधून मधून तळापासून हलवा. एक फळ काढून चमच्याने कापून बघा. मध्ये पांढरी रेघ दिसली तर अजून वेळ आहे. उतरवल्यावर वरून तूप. झालं की लगेच समोर न्या, अर्ध्या तासात ते घट्ट व्हायला लागतं. दुपारी बाराच्या आत करा म्हणजे जेवणाला मिळेल. संध्याकाळीच करायचं झालं तर साडेपाचच्या पुढे जाऊ नका, या दिवसांत सूर्य लवकर मावळतो.

उरलेलं तुम्ही जेवा. ताट घेऊन, बसून जेवा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओट्यापाशी उभ्यानेच वाटी संपवत असाल असं मला उगाचच वाटत राहिलं.

डाळीच्या गोडीचं अगदी सोपं आहे. 'बेन, डॉक्टरांनी गोड बंद केलंय, माझी वाटी गूळ घालायच्या आधी काढाल का?' गुजराती डाळीत गूळ डाळ शिजून घोटल्यावर, उकळताना पडतो, तेव्हा आधी वाटी बाजूला काढणं त्यांना अवघड नाही. हे सांगायला तुम्ही दीड वर्ष संकोचलात आणि साखर मात्र वाढत गेली असेल. त्यांना हे उशिरा कळलं तर वाईट वाटेल, म्हणून आजच सांगा. शिरा किंवा गूळ तुम्ही त्यांना दिलात तरी स्वतः खाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

पुढे दिवाळी आहे. आपला पाडवा आणि त्यांचं बेसतुं वरस एकाच दिवशी येतं. त्या दिवशी सकाळी 'साल मुबारक' म्हणायला सगळी सोसायटी एकमेकांकडे जाते. तुम्ही दार लावून बसू नका. दुपारनंतर सगळे नातेवाइकांकडे निघून जातात, म्हणून सकाळी नऊ-दहालाच समोर जाऊन या. तळण तुम्हाला जमणार नाही आणि आग्रहही नाही. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा जमेल, शेंगदाणे आणि डाळं घालून, कांद्या-लसणाशिवाय.

कार्तिकी पौर्णिमा झाली की पालेभाजी मोकळी होते. मग खंडेराव मार्केटात हिवाळ्याची भाजी नुसती बघायला म्हणून तरी जा, मेथीच्या जुड्या, हिरव्या तुरी, पापडी यांनी सगळं भरलेलं असतं. मेथी घालून बाजरीचे थालीपीठ करून द्यायला हिवाळ्यासारखा वेळ नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपली भोगीची भाजी मात्र समोर चालणार नाही, गाजर-वांग्यावाचून ती होत नाही. तिळाची वडी चालेल, तिळाचा तो हंगामच आहे. उत्तरायणाला त्यांच्या अगासीवर, म्हणजे गच्चीवर, तुम्हाला बोलावतील तेव्हा वडी घेऊन जा, कटोरीभर. त्यांच्याकडचं उंधियुं कंद न घालता केलेलं असतं, ते जरूर खा. जिलबी नको, एवढं लक्षात ठेवा. चैत्रात आंब्याची डाळ करा, चण्याची डाळ भिजवून वाटायची आणि कैरी किसून घालायची, शिजवावं काही लागत नाही. वरून हिंग-मोहरीची फोडणी, कोथिंबीर नाही. वैशाखात कैरीचं पन्हं. आपल्या बडोद्याच्या उन्हाळ्यात त्याइतकं थंड दुसरं काही नाही, आणि गूळ आपापल्या ग्लासात घालायचा ठेवला तर तुम्हालाही पिता येईल.

लोक काय म्हणतील हा विचार तुमच्या मनात आला असेल. तुम्ही लिहिला नाहीत, पण एकट्या पुरुषाला तो येतोच. बेनशी बोलायला संकोच वाटत असेल तर त्यांच्या यजमानांशी बोला. सकाळी कमाटीबागेत फिरायला जात असतील तर सोबत निघा. त्या घराशी नातं तुमच्या पत्नीने स्वयंपाकघरातून जोडलं होतं, तुम्ही ते बाकावर बसूनही पुढे नेऊ शकता. पुराच्या दिवसांत विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा ज्यांनी स्वतःच्या साठ्यातलं पिण्याचं पाणी तुम्हाला दिलं असेल, त्यांच्या दारात उभं राहायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

आता या आठवड्याचं. आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत त्यांच्याकडे ओळी असते. ज्यांनी ती धरली आहे ते नऊ दिवस एकदाच जेवतात आणि त्यातही तेल, तूप, दूध, दही, साखर-गूळ काही नाही, नुसतं उकडलेलं धान्य. बेननी ओळी केली असेल तर पौर्णिमेपर्यंत शिजवलेलं काही नेऊ नका. कोजागरीचं दूध तर मुळीच नको, ते रात्रीचं असतं. पण दारात जरूर जा आणि विचारा, 'बेन, शातामां छो ने?', म्हणजे बरं आहे ना? तपाला बसलेल्या माणसाची अशी विचारपूस करायला सगळे शेजारी जातात, आणि त्याला काही हातात न्यावं लागत नाही. जाताना साखर-शेंगदाण्याच्या दोन वाट्या तेवढ्या नेऊन ठेवा, 'ओळी झाली की वापरा' म्हणून सांगा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं असतं, तो दिवस त्यांच्या घरचा. तो जाऊ द्या, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तूरडाळ कुकरला लावा.